मडगार्डवरचे दोन ठोके

१

तुमसरात सुगत मिस्त्रीचं गॅरेज एका राइस मिलच्या भिंतीला लागून आहे. धानाचा हंगाम सुरू झाला की सकाळी आठपासून मिल अशी काही गर्जते, की शेजारी उभ्या माणसाला चहा हवा का हे विचारायलाही हातवारे करावे लागतात. गाडीच्या कामात ही मोठीच पंचाईत. मिस्त्री इंजिनावर वाकलेला, दुसरा माणूस केबिनमध्ये चावी धरून बसलेला आणि मध्ये उघडं बोनेट आडवं. एकाला दुसरा दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. त्यावर सुगतने फार वर्षांपूर्वी तोडगा काढला होता. हातातला पाना मडगार्डवर दोनदा ठोकला की आतल्याने चावी फिरवून सेल्फ मारायचा, एकदा ठोकला की चावी बंद करायची. ठोका पत्र्यातून थेट केबिनमध्ये पोचतो. गिऱ्हाइकांनाही ही खूण पाठ होती.

लग्नानंतर तेरा वर्षं चावी धरून बसायचं काम त्याच्या बायकोने, तृप्तीने केलं. तिच्याइतका चोख सेल्फ मारणारं माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात नसेल, असं सुगत तेव्हा म्हणत असे. मग एका दुपारी तो फॅनबेल्टची घाण पुसत असताना सेल्फ फिरला आणि डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पहिल्या पेरापुरतंच उरलं.

दवाखान्यात तृप्तीने रडत सांगितलं, की दोन ठोके आले होते. सुगतने सांगितलं, की पाना त्याच्या हातातच नव्हता. तिने तीनदा सांगितलं आणि मग सांगणं सोडून दिलं. सुगतने तिला माफ केलं. माफ केलं ते अगदी मोकळ्या मनाने आणि चारचौघांत. टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, विहारातून बाहेर पडताना, कुणाची नजर बोटांवर गेली की तो हसत म्हणे, “बायकोची मेहेरबानी हाय ही. पण मी एका शब्दानं बोललो नाही तिले.” एका शब्दाने न बोलल्याची ही गोष्ट अकरा वर्षांत त्याने निदान पाचशे वेळा सांगितली असेल. तृप्तीही ऐकताना हसायची आणि पाण्याचे पेले गोळा करायला आत जायची. केबिनमध्ये मात्र ती पुन्हा कधी बसली नाही.

२

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. सानगडीचा भोजराज आपली नवी गाडी घेऊन सकाळी दहाला गॅरेजवर आला. नवी म्हणजे त्याच्यासाठी नवी. तशी ती पस्तीसेक वर्षांची जुनी पेट्रोलवरची पिकअप होती, कुणाकडून तरी भंगाराच्या भावात उचललेली. भोजराज शेतकरी खरा, पण त्याचा जीव जिलेबीत. दिवाळीनंतर गावोगावी मंडई नावाची जत्रा भरते, पाहुणे येतात, नाटकं होतात, आणि प्रत्येक मंडईत भोजराजची कढई लागते. यंदा भट्टी, कढई आणि मैद्याची पोती स्वतःच्या गाडीतून न्यायची, असा त्याने पण केला होता. पहिली मंडई उद्याच होती.

गाडीने मात्र येतानाच त्याला सहा वेळा रस्त्यात बसवलं होतं. थंड असताना झकास चालते, गरम झाली की मान टाकते, अर्धा तास सावलीत उभी केली की पुन्हा शहाण्यासारखी चालू होते, असं तो मिलच्या गर्जनेत सुगतच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगत होता. प्रत्येक थांब्यावर कोणी कोणी काय सल्ला दिला, हेही त्याने सविस्तर सांगितलं. लाखनीच्या एका माणसाने तर गाडीला ताक पाजायला सांगितलं होतं म्हणे.

सुगत हसत हसत बोनेट उघडायला गेला आणि उजव्या बिजागरीवर त्याचा हात थांबला. त्या बिजागरीला वेल्डिंग होतं आणि ते वेल्डिंग त्याचं स्वतःचं होतं. तेव्हा गाडी पांढरी होती, आता निळी झाली होती. त्याची बोटं घेणारी हीच ती गाडी.

त्याला भीती वगैरे वाटली नाही. उलट गंमतच वाटली, जुना वैरी म्हातारा होऊन दारात यावा तशी. भोजराजने त्याच्या बोटांकडे पाहिलं आणि मोठ्या उत्सुकतेने मान वर केली. सुगतने मात्र गोष्ट सांगितली नाही. का सांगितली नाही, हे त्याचं त्यालाही कळलं नाही. तो ओरडून म्हणाला, “बसा आत, भोजराजभाऊ. आधी तिले मान टाकू देऊ. रोग समोर आल्याबिगर पकडता येत नाही.”

३

वीस मिनिटं इंजिन चालू ठेवल्यावर गाडीने खरोखर मान टाकली. सुगतला अशा वेळी मनापासून आनंद होतो. आजकालच्या गाड्यांना यंत्र जोडतात आणि पडद्यावर वाचून सांगतात. इथे माणसाचं डोकं चालतं.

पेट्रोल येत होतं, म्हणजे दोष करंटचा. त्याने कॉईलची जाडी वायर काढली, कापडात धरून तिचं टोक इंजिनाच्या लोखंडाजवळ नेलं आणि पान्याने मडगार्डवर दोन ठोके दिले. भोजराजने सेल्फ मारला. निळी कडक ठिणगी उडायला हवी, तिथे पिवळी मरतुकडी ठिणगी उडाली. एक ठोका, चावी बंद. मग त्याने डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडलं. आतले करंट जोडणारे-तोडणारे पॉइंट जळून काळे पडले होते. पॉइंट असे जळाले म्हणजे कंडेन्सर गेला. बोटाएवढी ही वस्तू गरम झाली की काम सोडते आणि थंड झाली की पुन्हा करते. भोजराजला त्याने रोगाचं नाव सांगितलं, तेव्हा भोजराजने लाखनीच्या ताकवाल्याला तिथूनच चार शिव्या घातल्या आणि पुन्हा केबिनमध्ये जाऊन बसला.

कंडेन्सर आणि पॉइंट सुगतच्या डब्यात होते. तो वाकला. नव्या पॉइंटचा बारीक स्क्रू त्याने नेहमीप्रमाणे दातांत धरला, उजव्या हातात पेचकस, डाव्या हातात पॉइंट. पाना खाली पोत्यावर पडला होता. पोट मडगार्डला टेकलेलं होतं आणि डाव्या बाहीचं टोक पंख्यापासून चार बोटांवर होतं.

ठक ठक.

सेल्फ फिरला. पंख्याने बाही ओढली, कापड फाटलं आणि सुगत मागे जाऊन टायरांच्या ढिगावर आदळला. हात छातीशी धरून त्याने आधी बोटं मोजली. होती तेवढी होती. मग स्क्रू तोंडातून काढला.

भोजराज उतरून धावत आला. कोणी सांगितलं होतं सेल्फ मारायला, असं सुगत त्याच्यावर ओरडला. भोजराजचं तोंड उतरलं. “तुमीच त ठोकले दोन,” तो कानाशी येऊन म्हणाला.

“मी ठोकलं नाही,” सुगत म्हणाला.

हे वाक्य त्याने याआधी एकदा, दवाखान्याच्या खाटेवर म्हटलं होतं. तेव्हा ते म्हणताना त्याला कसलीच शंका नव्हती. आजही शंका नव्हती. पण आज एक गोष्ट वेगळी होती. ते दोन ठोके त्यानेही ऐकले होते. पोट मडगार्डला टेकलेलं असल्यामुळे ते त्याच्या पोटात जाणवलेही होते.

४

भोजराज बिचारा इतका हबकला, की त्याला सुगतनेच बाजारात पाठवलं. मैदा आणि साखर घेऊन या, चार वाजेपर्यंत गाडी तयार होते, असं सांगितलं. एक वाजता मिल जेवणासाठी बंद झाली आणि एकदम इतकी शांतता पसरली, की भिंतीपलीकडे हमाल डबे उघडत असल्याचं ऐकू येऊ लागलं.

सुगतने चावी काढून खिशात टाकली. बॅटरीची वायर सोडली आणि राहिलेला कंडेन्सर आणि पॉइंट बसवून टाकले. मग तो समजूतदार माणसासारखा विचार करू लागला. तापलेलं लोखंड थंड होताना टकटक करतं. मिलच्या हादऱ्याने सैल पत्रा वाजतो. उंदीर असतात. जुन्या गाडीत काय काय वाजेल याचा नेम नाही. तीस वर्षं तो हेच लोकांना सांगत आला होता आणि लोकांना ते पटत आलं होतं.

त्याने लांब पेचकस घेतला, टोक इंजिनाला लावलं आणि लाकडी मूठ कानाला. मिस्त्री लोक असंच ऐकतात. इंजिनातला सगळ्यात बारीक आवाज मुठीतून कानात येतो. थेंब थेंब उतरणारं तेल ऐकू आलं. रेडिएटरमध्ये पाणी निवत असल्याची गुळगुळ ऐकू आली. सगळे ओळखीचे आवाज. त्याला हायसं वाटलं. त्याने सहज पेचकसाचं टोक मडगार्डच्या आतल्या पत्र्याला लावलं.

ठक ठक.

मूठ त्याच्या कानावर आपटल्यासारखी वाटली. तो पंधरा मोजेपर्यंत थांबला. ठक ठक. पुन्हा पंधरा. ठक ठक. लोखंड निवताना आवाज लांबत जातो, विरळ होतो. हा होत नव्हता.

मोबाइलचा उजेड त्याने पंख्याच्या बाजूने खाली सोडला. मडगार्डच्या आतल्या अंगाला, पार खाली, जिथे माणसाचा हात कोपरापर्यंत घातला तरी पोचत नाही, तिथला रंग उडाला होता. टिकल्या टिकल्यांनी उडाला होता. टायरने उडालेले खडे लागले असतील, असं तो मनाशी म्हणाला. पण खडे जोडीने लागत नाहीत. इथे दोन टिकल्या, थोडी जागा, दोन टिकल्या, थोडी जागा, अशा ओळीच होत्या. खालच्या गंजून गेलेल्या. वरच्या ताज्या, चकचकीत.

त्याने तीस जोड्या मोजल्या आणि मोजणं सोडलं. पस्तीस वर्षांत ही गाडी किती गॅरेजांत उभी राहिली असेल, केबिनमध्ये कोण कोण बसलं असेल, आणि किती घरांत कोणी तरी रडून सांगितलं असेल की ठोके आले होते, हे मनात आलं तसा त्याने उजेड विझवला. त्याला आता खरोखर भीती वाटत होती. आणि भीतीपेक्षाही वाईट म्हणजे, त्याला लाज वाटायला लागली होती.

५

दीड वाजता तृप्ती डबा घेऊन आली. ती रोजच येते आणि येताना रस्त्यातल्या साऱ्या बातम्या आणते. आजही बोलत बोलतच आत शिरली आणि निळी पिकअप पाहून तिचं बोलणं थांबलं. बिजागरी तिनेही ओळखली. वेल्डिंग करताना पत्रा तिनेच धरला होता.

सुगतने इकडचं तिकडचं काही न बोलता विचारलं, “तृप्ती, त्या दिवशी तू किती ठोके ऐकले व्हते?”

तिने डबा खाली ठेवला. “दोन,” ती म्हणाली. अकरा वर्षांनी विचारलं तरी तिला आठवायला क्षणही लागला नाही.

मग त्याने सकाळपासूनचं सगळं सांगितलं. बाही दाखवली. पेचकस तिच्या कानाला लावून दिला, तर आता काहीच ऐकू येईना. तृप्तीला बरं वाटायला हवं होतं, पण तिला राग आला. पंगतीतलं ते हसणं आणि ते पेले गोळा करणं सगळं तिला एकदम आठवलं.

“म्हणजे मी खरं बोलत व्हती,” ती म्हणाली.

सुगतने मान खाजवली. माणूस वाईट नव्हता, पण अकरा वर्षांची माफी एका दुपारी परत घेणं त्याला जड जात होतं. “पाहू ना,” तो म्हणाला. “आधी नीट पाहू. एखाद्या वेळी पत्रा बी वाजत असन.”

तृप्तीने पोत्यावरचा पाना उचलला. “मंग आज तुमी बसा आत,” ती म्हणाली. “मी इथं उभी राहतो. तिथं बसून कसं वाटते ते तुमाले बी कळू द्या.”

त्याने ते मानलं. कंडेन्सर बसवून झाला होता, पॉइंट घट्ट केले होते, गाडी चालवून पाहायचीच होती. त्याने बॅटरी जोडली. तिला एक हात लांब उभं केलं, पदर खोचायला लावला, पंख्याकडे अजिबात जायचं नाही असं दोनदा बजावलं आणि केबिनमध्ये बसून चावी लावली.

६

तृप्तीने मडगार्डवर बाहेरून दोन ठोके दिले. सुगतने सेल्फ मारला. गाडी पहिल्याच झटक्याला अशी गोड चालू झाली, की त्याच्या तोंडून आपोआप वाहवा निघाली. पाच मिनिटं गेली, दहा गेली, वीस गेली. काटा गरमवर गेला तरी आवाज हलला नाही. करंटचा रोग बरा झाला होता. तृप्तीने एक ठोका दिला. त्याने चावी बंद केली.

नव्या लग्नातल्या दुपारी अशाच असत. ती खिडकीशी आली, पाना स्टुलावर ठेवला, आणि दोघंही थोडं हसले. सुगतचा जीव इतका हलका झाला, की सकाळचं सगळं त्याला अर्धं खोटं वाटायला लागलं. उगाच भ्यालो, उन्हानं डोकं फिरलं असेल, असं काहीसं तो बोललाही. कॉईलची वायर सैल दिसते, तेवढी दाबून देते, म्हणून तृप्ती पुढे गेली. काम तिला येत होतं. त्याचा हात चावीवरच होता, कारण गाडी पूर्ण होईपर्यंत चावीवरचा हात काढायचा नसतो.

बोनेट उघडं असलं तरी त्याच्या खालच्या कडेला आणि काचेच्या मध्ये चार बोटांची फट राहते. त्या फटीतून त्याला इंजिनावर वाकलेल्या तृप्तीचे दोन्ही हात दिसत होते. हिरव्या बांगड्या, एका हातात फडकं, एका हातात वायर. पाना दूर स्टुलावर होता. हे सगळं त्याला स्वच्छ दिसत होतं. आणि तिच्या हातांच्या खाली, मडगार्डच्या आतल्या काळोखात, काही तरी वर झालं आणि खाली आलं. परत वर झालं आणि खाली आलं. ते त्याच्या अंगठ्याएवढं होतं.

ठक ठक.

आपण चावी फिरवायची नाही, हे त्याला माहीत होतं. पण दोन ठोके म्हणजे सेल्फ, ही तीस वर्षांची सवय माहीत असण्याची वाट पाहत नाही. ठोका ऐकला आणि मनगट फिरलं. सेल्फ लागला, पंखा घरघरला आणि काच फुटून चुरा झाल्याचा बारीक आवाज आला.

तो केबिनमधून कसा बाहेर पडला ते त्याला आठवत नाही. चावी तेवढी उपटून मुठीत आली होती. तृप्ती भिंतीला पाठ लावून उभी होती. फडकं पंख्यात गेलं होतं, दोन बांगड्या फुटल्या होत्या, मनगटावर रक्ताची एक रेघ होती. त्याने तिचा हात आपल्या हातांत घेतला आणि बोटं मोजली. पाच. तरी त्याने पुन्हा मोजली.

“मी ठोकलं नाही,” तृप्ती म्हणाली.

“मले मालूम हाय,” सुगत म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो हुंदके देत होता आणि त्याला त्याची शरम नव्हती. “तू त्या दिवशी बी खरी व्हती,” तो म्हणाला. “दोन ठोके आले व्हते. तुझी काही चूक नव्हती. मीच लोकायले खोटं सांगत राहिलो.”

तृप्तीच्या चेहऱ्यावर हळूहळू असं काही उजळलं, की सुगतला ती तेरा वर्षं चावी धरून बसणारी पोरगी दिसली. भोजराज चार वाजता येणार होता. ही गाडी त्याला द्यायची नाही, आपल्या छोट्या टेम्पोत घालून त्याची भट्टी उद्या मंडईत पोचवायची, एवढं सुगतने मनात पक्कं केलं. बाकीचं मागून पाहता आलं असतं.

चावी त्याच्या मुठीत होती. मिल अजून बंदच होती. त्यांच्या मागे, उघड्या बोनेटखाली, ठोके पुन्हा सुरू झाले. दोन, आणि थोडं थांबून दोन. कसलीही घाई नव्हती. दोघांनीही ते ऐकले आणि दोघांनीही वळून पाहिलं नाही.

“परत म्हणा,” तृप्ती म्हणाली.

त्याने परत म्हटलं. मागून दोन ठोके आले.

“परत,” ती म्हणाली, आणि तिसऱ्यांदा त्याने तेच सारं थोडं मोठ्याने म्हटलं, म्हणजे ठोक्यांच्या वरून तिला नीट ऐकू जाईल.